अकराव्या पानावरची क्षमा

काकूचा फोन आला तेव्हा मी नागपूरला वडिलांच्या छापखान्यात पुस्तिकांना पिना मारत बसले होते. काकू भोपाळला राहते आणि फोन रविवारी करते. तो मंगळवार होता.

"पोलीस ठाण्यातून कागद आला गं," ती म्हणाली. "जोबीला सोडायचं म्हणतात. माझं म्हणणं मागतात, सोडू का नको सोडू. तू लिहिणारी आहे. ये."

जोबीने काकूच्या मुलाचा, माझ्या सुगतदादाचा खून केला, त्याला आता पंधरावं वर्ष लागलं आहे. दोघंही तेव्हा बावीस वर्षांचे होते. भोपाळच्या पिपलानी वसाहतीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेले, मंडीदीपच्या एकाच कारखान्यात एकाच पाळीला जाणारे. कारखान्याच्या फाटकाबाहेर भांडण झालं आणि जोबीच्या हाताला लोखंडी सळई लागली. त्याला जन्मठेप झाली. मी बारा वर्षांची होते आणि सुट्टीत काकूकडेच होते.

मी पुस्तिकांवर वाढले. वडील चळवळीच्या पुस्तिका छापतात. चोवीस पानं, मधोमध दोन पिना. त्यांचा एक नियम आहे, पुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव छापायचं नाही. विचार लोकांचा, त्याला मालक कशाला, असं ते म्हणतात. मागच्या पानावर फक्त एवढंच असतं : छापा, वाटा, भाषांतर करा. एकविसाव्या वर्षी मी अशीच एक पुस्तिका लिहिली, 'शिक्षा कोणासाठी?' बुद्धाचा आणि ख्रिस्ताचा आधार घेऊन मी तीत सांगितलं होतं की, माणसाला पिंजऱ्यात घालून विसरून जाणारा समाज स्वतःच गुन्हेगार असतो. मला ते अजूनही पटतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून मी पालटले असं कुणाला वाटायला नको.

बुधवारी सकाळची गाडी धरली. पांढुर्ण्यापर्यंत संत्र्यांच्या बागा दिसत राहिल्या, मुलताईनंतर सातपुड्याचा चढ लागला. पळस फुलला होता. सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते आणि त्या करड्या उतारांवर पळस तेवढा पेटल्यासारखा उभा होता. समोरच्या बाकावर भोपाळच्या कोलार रोडवर राहणारं एक मराठी जोडपं होतं. साहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मोबाइलवर कुठल्याशा खुनाची बातमी चालू होती.

"अशांना चौकात लटकवायला पाहिजे," ते म्हणाले. "खटले कसले चालवता?"

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. पिशवीतून पुस्तिका काढून त्यांच्या हातात दिली. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरचं कुणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं."

"गेलंय," मी म्हणाले.

बाई ओशाळल्या. त्यांनी डबा उघडला आणि मला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. मी जिंकल्यासारख्या खाल्ल्या. 

इटारसी गेली. नर्मदेच्या पुलावर डब्यातल्या बायकांनी हात जोडले, कुणी खिडकीतून नाणी टाकली. नदी उन्हात पसरट दिसत होती. बुधनीचं जंगल आणि बोगदे ओलांडल्यावर झाडं विरळ झाली आणि धुराडी दिसू लागली. भोपाळच्या आधी मंडीदीप येतं. आमची गाडी तिथे थांबत नाही. पत्र्याच्या लांबलचक शेडी, टँकरची रांग, फाटकाशी चहाची टपरी आणि पाळी सुटल्यामुळे सायकली हातात धरून निघालेली माणसं. कुठलं फाटक ते मला माहीत नव्हतं. प्रत्येक फाटक तेच वाटत होतं. साहेब म्हणाले, "आलंच आता भोपाळ, सामान काढा."

स्टेशनवरून सिटी बसने पिपलानी. या वसाहतीचे रस्ते रुंद आहेत, झाडं जुनी, क्वार्टरं बुटकी आणि एकसारखी. स्कूटरवरून भाजी घेऊन परतणारे निवृत्त कामगार अजून एकमेकांना खात्याच्या नावाने हाका मारतात. काका इथल्याच सरकारी कारखान्यात फिटर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले. काकू त्याच क्वार्टरमध्ये राहते. अंगणात लिंबाचं झाड आहे, त्याच्या निम्म्या फांद्या भिंतीपलीकडे गेल्यात. पलीकडच्या क्वार्टरमध्ये तेव्हा जोबीची आई राहायची. लिसी सिस्टर. केरळची, दवाखान्यात नर्स. खुनानंतर महिन्याच्या आत ती क्वार्टर सोडून गेली.

"जेवली का तू?" हा काकूचा पहिला प्रश्न. वांग्याची भाजी आणि भाकरी वाढून झाल्यावर तिने टीव्हीखालच्या खणातून कागद काढला. विषय लिहिला होता : समयपूर्व रिहाई (मुदतीआधीची सुटका). मृताच्या आईने ठाण्यात येऊन आपत्ति (हरकत) आहे की नाही ते लिहून द्यावं. शुक्रवारपर्यंत.

"तुला काय वाटतं, काकू?"

"मला वाटायचं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?" ती म्हणाली. "पंधरा वर्षं कोणी विचारलं नाही मला काय वाटतं. कोर्टाने नाही, वकिलाने नाही. आता एकदम म्हणतात, लिहा."

मी लगेच वही काढली. माझ्या डोक्यात मसुदा तयार होता. हरकत नाही, करुणा, मनुष्य बदलतो. काकू म्हणाली, "थांब. चाय तर होऊ दे."

चार वाजता फाटक वाजलं. बाहेर एक म्हातारी उभी होती. पांढरी सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ती आत येत नव्हती. काकू दाराशी गेली आणि तिथेच थांबली. दोघींच्या मध्ये चार पायऱ्या होत्या.

"कांता भाभी," ती म्हणाली.

काकूने पायऱ्यांवरच्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "धूप है. अंदर आओ, सिस्टर."

लिसी सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसली. डोळे सुगतदादाच्या फोटोकडे जाऊ नयेत म्हणून तिने मान वळवून ठेवली होती. ती म्हणाली, "मैं आ नहीं पाई, भाभी. चौदह साल. हिम्मत नहीं थी. पिछले महीने जोबी ने ये दिया, तब हिम्मत हुई. मैं आपके पैर छूने आई हूँ."

तिने पिशवीतून एक पुस्तिका काढली. हिंदी. कागद पिवळा पडलेला, पिना गंजलेल्या, पानं हाताळून मऊ झालेली. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'सज़ा किसके लिए?'

माझ्या एका मैत्रिणीने भाषांतर केलं होतं. त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या ते मी कधी विचारलं नव्हतं, आमच्यात विचारत नाहीत. तुरुंगाच्या वाचनालयात एखादी पोचली असेल हे तर माझ्या स्वप्नातलं यश. आणि तरी मी हात पुढे केला नाही, कारण अकराव्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं.

लिसी सिस्टरने नेमकं तेच पान उघडलं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. काकूने चष्मा लावून सावकाश, मोठ्याने वाचलं. दोन क्वार्टर, एक दीवार, दीवार पर झुका नींबू का पेड़. एक लड़का मारा गया, दूसरा जेल गया. आणि मग ती ओळ : "उस माँ ने उसी शाम दीया जलाया और अपने बेटे के हत्यारे को क्षमा कर दिया।"

"जोबी ने पढ़ते ही पहचान लिया," सिस्टर म्हणाली. "मुझे अर्जी भरने के बाद बताया. बोला, अम्मा, आंटी ने उसी दिन माफ कर दिया था. हमको पता ही नहीं."

काकूने ती ओळ परत वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग विचारलं, "ये किसने लिखा?"

"नाम नहीं है, भाभी."

मी उठले आणि पाणी आणायला आत गेले. माठातून पेला भरला, मग दुसरा भरला. बाहेर माझं नाव कुणी घेत नव्हतं, कधी घेणारही नव्हतं. वडिलांचा नियम मला तेव्हा पहिल्यांदा उपयोगी पडला असता. दोन पेले भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी भित्री होते. हे लिहून ठेवते.

बाहेर आले तर काकू पुस्तिकेचं मागचं पान बघत होती. छापा, वाटा, भाषांतर करा. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव नसलेली पुस्तकं आपल्या नागपूरच्या घरात छापतात."

"मी लिहिलं, काकू."

"मी कधी म्हटलं असं?"

"त्या संध्याकाळी तू वंदना केली. मी तुझ्या शेजारी बसले होते. दादाला आणलंही नव्हतं अजून. तू दिवा लावला आणि मंगल मैत्री (सर्व प्राणी सुखी होवोत अशी वंदनेच्या शेवटची प्रार्थना) म्हटली. पूर्ण म्हटली. मला वाटलं..."

"मी रोजचं म्हटलं होतं," काकू म्हणाली. "तोंडाने. ते म्हटलं नसतं तर मी किंचाळत रस्त्यावर गेली असती. घरात तू होती, बारा वर्षांचं लेकरू. म्हणून म्हटलं. आणि तू त्याची माफी केली?"

मराठी होतं, पण लिसी सिस्टरला त्यातलं हवं तेवढं कळलं. भोपाळमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कळतं. तिने विचारलं, "मतलब, माफ नहीं किया?"

"नहीं, सिस्टर," काकू म्हणाली. "एक दिन भी नहीं."

 सिस्टरने पुस्तिका पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीची घडी केली, ती उलगडून परत घडी केली. मग म्हणाली, "उसको कैसे बोलूँ? कल मेरी मुलाकात (कैद्याची भेट) है."

"तुम नहीं बोलोगी," काकू म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "जिसने लिखा वो बोलेगी. आधी त्याला खरं कळू दे. मग मी ठाण्यात जाते. खोट्या माफीवर मी सही करत नाही आणि खोट्या माफीच्या रागाने त्याला धरूनही ठेवत नाही."

गुरुवारी सकाळी सिस्टर कोलार रोडहून दोन बस बदलून आली. वसाहतीच्या चौकात आम्ही पोहे खाल्ले. इथे पोह्यांवर शेव असते आणि सोबत जिलबी, तिखट-गोड एकाच कागदावर. सिस्टरने जिलबीला हात लावला नाही. लेंट चालू आहे, म्हणाली, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. मग विचारलं, "तुमने लिखा है कि हमारे यहाँ माफी फ्री है?"

मी तसंच लिहिलं होतं. ख्रिस्ती माणसाला पश्चात्ताप केला की पुरे.

"फ्री नहीं है," ती म्हणाली. "फादर के सामने कबूल करो, ईश्वर माफ करता है, ठीक है. पर उसके बाद प्रायश्चित्त मिलता है. और जिसका बिगाड़ा, उसके दरवाजे अलग से जाना पड़ता है. ईश्वर उसकी तरफ से थोड़ी बोल देगा? मैं जोबी को यही बोलती थी. खुद चौदह साल नहीं गई. नर्स थी, किसी की भी ड्रेसिंग कर देती थी, उस घर की घंटी नहीं बजा पाई."

तुरुंग शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळाच्या बाजूला आहे. रिक्षा बायपासने निघाली. ट्रक, मंगल कार्यालयं, अर्धवट इमारती, मध्येच हरभऱ्याचं शेत. कुठे जायचंय ते ऐकल्यावर रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. करोंदच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर तो डावीकडे हात करून म्हणाला, "उधर अंदर को है वो गैस वाली फैक्टरी. मेरे अब्बा उसी रात में गए. उसमें कितने लोग अंदर हुए, मैडम? आप पढ़ी-लिखी लगती हो."

मला उत्तर माहीत होतं आणि संतापही तयार होता. या देशात सळईला जन्मठेप आहे, आणि शहर मारलं तर... मी बोलायला सुरुवात केली. सिस्टर पुढे बघत म्हणाली, "बेटा, अभी वो मत बोलो. अभी अपना याद करो, क्या बोलना है."  तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या गुन्ह्यावर मी तासभर बोलू शकत होते.

फाटकाबाहेर शेड होती. तिच्यात बायकाच जास्त, पिशव्यांत केळी, अंतर्वस्त्रं, साबण. एक तरुण मुलगी आरशात बघून कुंकू नीट करत होती. खिडकीपलीकडच्या शिपायाने आधार कार्ड मागितलं. "रिश्ता?" त्याने विचारलं.

सिस्टर म्हणाली, "माँ."

"और आप?"

 मेलेल्याची बहीण असं सांगितलं असतं तर त्याने आत सोडलं नसतं. सिस्टरने सांगितलं, "पड़ोसी." त्याने पावतीवर माझं संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग मनगटावर निळा शिक्का मारला. आत गेलेले लोक बाहेर येताना ओळखू यावेत म्हणून मारतात.

जाळीपलीकडे एक माणूस आला. कपाळावरचे केस गेलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला आठवणारा जोबी भिंतीवर बसून माझ्यासाठी लिंबं तोडायचा आणि वरून नेम धरून मारायचा. त्याने मला ओळखलं नाही. सिस्टरने सांगितल्यावर तो उभा राहिला आणि मग बसायचं विसरला.

"प्रज्ञा? इत्ती बड़ी हो गई?" आणि लगेच, "आंटी आई हैं?"

"नहीं." आमच्या मध्ये जाळी, जाळीवर काच, आणि आवाज टेलिफोनच्या रिसीव्हरमधून. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "वो किताब मैंने लिखी थी. ग्यारहवें पन्ने पर जो माफी है, वो आंटी ने नहीं दी. मैंने लिख दी."

त्याने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी परत सांगितलं. तो म्हणाला, "सुन लिया." मग विचारलं, "कुछ भी नहीं कहा था? एक बात भी?"

"नहीं."

"फिर क्यों लिखा?"

माझ्याकडे उत्तरं होती. विचारासाठी, उदाहरणासाठी, वाचकाला पटावं म्हणून. त्या जाळीसमोर त्यांतलं एकही तोंडातून निघेना. मी म्हणाले, "लिखते वक्त अच्छा लगा था."

"अच्छा तो लिखा था," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला सहन झालं नाही. "चार साल से सुबह उठकर पहले वही लाइन बोलता हूँ, फिर प्रार्थना. मैं तो अर्जी नहीं देने वाला था. साथ वाले बोले, भर दे. मैंने सोचा, आंटी ने जब माफ कर दिया है, तो भर देता हूँ." मग म्हणाला, "उनसे कहना आपत्ति लिखवा दें. मैं बुरा नहीं मानूँगा."

सिस्टरने माझ्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला आणि काचेवर थाप मारली. "तू बुरा नहीं मानेगा! मैं सत्तर की हो गई, घुटने नहीं चलते, दो बस बदलकर आती हूँ, और तू बुरा नहीं मानेगा!" पुढचं ती मल्याळममध्ये बोलली. शेजारच्या जाळीवरच्या बाया बघायला लागल्या. जोबी मान खाली घालून ऐकत होता. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याने माझ्याकडे बघून ओठांनी काहीतरी विचारलं. रिसीव्हर बंद झाला होता. हाताने त्याने भिंत आणि भिंतीवरची फांदी दाखवली. मी मान हलवली, हो, झाड आहे अजून.

परतताना करोंदच्या चौकात रिक्षा थांबली. सिस्टर म्हणाली, "तुमने झूठ लिखा. उसी झूठ पर मेरा बेटा चार साल जिया. अब मैं तुमको क्या बोलूँ? गाली दूँ कि थैंक्यू बोलूँ?"

मी दोन्हींपैकी काही मागितलं नाही.

काकू अंगणात बसून लिंबाची गळलेली पानं गोळा करत होती. मी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. "आपत्ति लिखवा दें, असं म्हणाला?" तिने दोनदा विचारून घेतलं. मग माझी पुस्तिका हातात घेतली, मराठीतली. सकाळपासून तिने ती दोनदा वाचली होती असं तिच्या बोलण्यावरून कळलं.

"तू त्या दरोडेखोराची गोष्ट लिहिली आहे," ती म्हणाली. "माणसं मारणारा, मग बुद्ध भगवंतांनी त्याला संघात घेतलं. इथपर्यंत लिहिलं आणि थांबली. पुढे काय झालं?"

"भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी दगड मारले. डोकं फुटलं, पात्र फुटलं."

"आणि भगवंत त्याला काय म्हणाले?"

"सहन कर. तुझ्याच कर्माचं फळ आहे, म्हणाले."

"आणि दगड मारणाऱ्यांना काय म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. लहानपणापासून विहारात ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेन.

"काहीच नाही म्हणाले," काकूने सांगितलं. "ओरडले नाहीत त्यांच्यावर. त्यांना वाईट म्हटलं नाही. ज्यांची माणसं गेली होती त्यांनीच मारले असतील ना दगड? भगवंतांना ते माहीत होतं. तू त्या लोकांना गोष्टीतून काढूनच टाकलं, पोरी. मला काढून टाकलं."

आयुष्यात माझ्या लिखाणावर पुष्कळ टीका झाली आहे, भाडोत्री, भडक, परधर्माची चमची. मला कुणीच असं जमिनीवर आणलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही ठाण्यात गेलो. काकूने इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. हवालदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पेनाची टोपी काढली. "हाँ, आंटीजी, बोलिए. आपत्ति है या नहीं?"

"ये मेरे से क्यों पूछते हो?" काकू म्हणाली. "सजा देते टाइम पूछा था? अब चाबी मेरे हाथ में दे रहे हो, कि कल कुछ हुआ तो बोल सको, बुढ़िया ने छुड़वाया, बुढ़िया ने अटकाया."

"वो तो ऊपर से आता है, आंटीजी."

"कुछ नहीं लिखवाया तो?"

"तो यहाँ खाली जाएगा. ऊपर वाले खाली को आपत्ति ही समझेंगे."

काकूने डोळे मिटले. मला वाटलं, ती मंगल मैत्री म्हणते आहे. मग आठवलं की तिच्या मनात काय चाललंय ते ठरवायचा उद्योग मी एकदा केलेला आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"लिखो," ती म्हणाली. "मैंने माफ नहीं किया है."

त्याने लिहिलं. "मतलब आपत्ति है."

"ऐसा मैंने नहीं बोला. लिखो, छोड़ने में मुझे आपत्ति नहीं है."

"आंटीजी, दोनों बातें कैसे चलेंगी? साहब पूछेंगे. एक पक्का कर लीजिए."

"दोनों पक्की हैं. और तीसरी लिखो. वो पिपलानी नहीं आएगा. अपनी माँ के पास कोलार में रहे, जिए, कमाए. मेरे फाटक के सामने से नहीं निकलेगा. मैं उसको देख नहीं सकती."

"इसका तो कॉलम नहीं है."

"तो नीचे लिखो. जगह है."

त्याने खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं. काकूने सही केली. मराठीत, संपूर्ण नाव, मुलाचं नाव कंसात. बाहेर आल्यावर ती ठाण्याच्या पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. पंधरा वर्षांपूर्वी मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला होता.

लिसी सिस्टरला मी फोनवरून तिन्ही वाक्यं सांगितली. तिने ती परत म्हणून घेतली, औषधाचे डोस लिहून घ्यावेत तशी. तिसऱ्या वाक्यावर ती थांबली. "ठीक है," म्हणाली. "इतना तो भाभी का हक है." मग विचारलं, माझी गाडी किती वाजता आहे, वाटेत खायला काही आहे का.

परतीच्या गाडीला मंडीदीप पंधरा मिनिटांत आलं. या वेळी सिग्नल नव्हता म्हणून गाडी तिथे थांबली. टपरीवर चार कामगार चहा पीत हसत होते. एकाने दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. गाडी हलेपर्यंत मी बघत राहिले. मनगटावरचा शिक्का दोन दिवस धुऊनही फिकट निळा उरला होता. समोरच्या माणसाने वाचायला काही आहे का असं विचारलं. पिशवीत पाच पुस्तिका होत्या. नाही म्हणाले.

सुटकेचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. सिस्टर सांगते, जोबीने अर्ज मागे घेतलेला नाही. तिच्याकडची पुस्तिका मात्र मागवून त्याने वाचनालयात परत केली. अकरावं पान फाडलेलं नाही.

छापखान्यात आल्यावर मी शिल्लक गठ्ठे खाली काढले. अजून चार गठ्ठे होते. वडिलांनी विचारलं, "जाळतेस का काय?"

"नाही. बाकी सगळं खरं आहे. एक ओळ खोडायची आहे, प्रत्येकीवर, हाताने. आणि माझं नाव टाकायचं आहे."

वडील नाराज झाले. "आपल्यात नाव घालत नाहीत, प्रज्ञा. नाव आलं की अहंकार येतो."

"बाबा, काकूला ही कुणी लिहिली ते विचारायचं होतं, तर पुस्तिकेवर कुणीच नव्हतं," मी म्हणाले. "दगड मारायचा झाला तर कुणाला मारायचा, ते तरी लोकांना कळू दे."

 वडिलांनी खुर्ची ओढली, दुसरं पेन घेतलं आणि एक गठ्ठा स्वतःपुढे ओढला. त्यांनी पहिली प्रत उघडली आणि विचारलं, "कितवं पान?"